बोंडूखालची बी

दिवाळीत बोललेला शब्द आखितीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, असा अंगावर येईल, असं आप्पासाहेबांना वाटलं नव्हतं.

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी हिंदुराव बिल्डर घरी आला होता. घरासकट उरलेल्या शेवटच्या अकरा गुंठ्यांवर सात मजली इमारत बांधायची, असा त्याचा कागद होता, आणि थोरला मच्छिंद्र पेनाचं टोपण काढूनच बसला होता. आप्पासाहेबांनी नकाशा उभा धरला, आडवा धरला. उत्तरेच्या कोपऱ्यात धाकट्या सुनेनं माहेराहून आणलेलं काजूचं झाड होतं. नकाशात तिथे गाड्या तळघरात उतरायचा उतार होता.

"हिंदुराव," आप्पासाहेब म्हणाले, "ह्या झाडाला आखितीपत्तुर एक जरी काजू लागला, तर मी सही करणार न्हाई. कवाच न्हाई. आन् न्हाई लागला, तर त्याच दिशी करतो."

मच्छिंद्रनं लगेच मान डोलावली. झाड लावून सात वर्षं झाली होती आणि त्याला कधी फूलसुद्धा आलं नव्हतं. शेजारी काचेची इमारत उभी राहिली, तिच्यात हजारभर माणसं कामाला लागली, समोरची बैलगाडीची वाट चौपदरी रस्ता झाली, पण काजू आपला नुसता पानं वाढवत होता. मच्छिंद्रच्या हिशेबी कागद झाल्यातच जमा होता.

घरात तेव्हापासून दोन बाजू पडल्या. मच्छिंद्र आणि त्याची बायको शकू इमारतीच्या बाजूनं. धाकटा संपत आणि त्याची बायको मंदाकिनी झाडाच्या बाजूनं. मधे सोजरबाई. त्यांना ज्या सुनेनं शेवटचा चहा दिला असेल, तिचं त्या दिवसापुरतं बरोबर वाटायचं. सकाळचा चहा शकूकडे आणि दुपारचा मंदाकिनीकडे असल्यामुळे त्यांचं मत रोज एकदा फिरायचं.

आप्पासाहेबांचं मत मात्र कुणाला विचारावं लागत नसे. ते आपणहून मिळे, आणि लांबलचक मिळे. साधा चहा मागायचा झाला तरी ते बहात्तरच्या दुष्काळावरून फिरून चहावर येत. ज्वारी, गहू, कांदा, ऊस यांतलं त्यांना कळत होतं हे खरंच होतं. पण काजूतलंही कळतं, असं त्यांनी भैरवनाथाच्या पारावर सात वर्षं सांगितलं होतं. "फळ पिकतं. पिकलं का फोडायचं. सीताफळात बिया आस्त्यात ना, तसं आत काजू. एका फळाला पाच-सहा तर कुठं गेलं न्हाईत." पारावरच्या कुणीच काजू डब्याबाहेर पाहिला नव्हता. त्यामुळे हे चालून गेलं.

आणि माघात झाडाला मोहोर आला.

बारीक, फिकट गुलाबी फुलांचे तुरे. मंदाकिनी सकाळी अंगण झाडायला गेली ती झाडू हातात घेऊन तशीच उभी राहिली. तिचं माहेर आजऱ्याकडचं, बापाचा डोंगर सगळा काजूचा. तिनं आरोळी दिली, "मामंजी, मव्हर आलाय बगा!"

त्या दिवसापासून मच्छिंद्र ऑफिसला निघताना झाडाखालून जाऊ लागला. वर बघायचा आणि गाडी सुरू करायचा. जोराचा वारा सुटला की त्याचा चेहरा जरा खुलायचा.

महिनाभरानं मंदाकिनीच्या भावाचं लग्न निघालं. ती आजऱ्याला गेली आणि तिकडच्या काजूच्या सुगीत अडकली. आखितीच्या आदल्या दिवशी संपत तिला आणायला गेला. म्हणजे ज्या दिवसांत विचारावं असं बरंच काही झाडावर घडत होतं, त्याच दिवसांत घरात विचारायला माणूस नव्हतं. फोन होता. पण सात वर्षं पारावर सांगून झाल्यावर सुनेला फोन करून "काजू कसा असतो गं?" असं विचारायचं म्हणजे काय, हे आप्पासाहेबांनाच ठाऊक.

झाडावर जे चाललं होतं ते त्यांना मुळीच पटत नव्हतं. मोहोर गळाल्यावर देठांच्या टोकांना फळं धरायला हवी होती. त्याऐवजी हिरव्या, वाकड्या, टणक गाठी आल्या. मूत्रपिंडाचं चित्र दवाखान्याच्या भिंतीवर असतं, तशा. आप्पासाहेबांनी मनात निदान केलं: कीड. मग त्या गाठींच्या वरचा देठ फुगायला लागला. फुगता फुगता पिवळा झाला, लाल झाला, ढब्बू मिरचीएवढा झाला आणि घमघमायला लागला. हे फळ, हे त्यांना पटलं. पण प्रत्येक फळाच्या बुडाला ती कीड चिकटलेली होतीच, वाळून आता करडी पडलेली.

फळं पिकून आपोआप खाली पडू लागली. आप्पासाहेब रोज सकाळी दाताळं घेऊन जात, किडकी म्हणून सगळी ओढून काढत आणि मागच्या उकिरड्यावर नेऊन टाकत. झाडावरच्या चांगल्या फळाची ते वाट बघत होते. ज्याच्या बुडाला गाठ नाही, असं एक फळ.

तसं फळ येईना. आखिती उद्यावर आली.

त्या दिवशी दुपारी घर झोपलं होतं. आप्पासाहेबांनी हातानं एक लालभडक फळ तोडलं, बुडाची गाठ पिरगळून बाजूला ठेवली आणि विळा आणला. तेवढ्यात मागून आवाज आला.

"फोडताय का आप्पा?"

मच्छिंद्र आज अर्ध्या दिवसानं घरी आला होता. गळ्यातला टाय त्यानं खिशात कोंबला होता.

"बस," आप्पासाहेब म्हणाले. "तुज्या देखत फोडतो. उगं मागनं बोलायला नको."

बापलेक कित्येक वर्षांत पहिल्यांदा असे जमिनीवर समोरासमोर बसले. आप्पासाहेबांनी फळ उभं चिरलं. रस त्यांच्या मनगटावरून ओघळला. आत गर होता, धागे होते. काजू नव्हता.

"आडवं कापून बघा," मच्छिंद्र म्हणाला.

आडवं कापलं. मग चार फोडी केल्या, मग आठ. फळाचं शिकरण झालं तरी आत काही सापडेना.

"रिकामं हाय आप्पा."

"एक रिकामं आसंल. दुसरं बगू."

दुसरं रिकामं निघालं. तिसरंही. चौथंही. आप्पासाहेबांनी विळा खाली ठेवला.

मच्छिंद्रनं बाजूला काढून ठेवलेल्या गाठींपैकी एक उचलली. तळहातावर घेऊन तो ती बघत बसला. जरा जास्तच वेळ बसला. एकदा त्यानं ती उलटी केली, एकदा सुलटी.

"आन् हे काय?" तो म्हणाला.

"कीड. समद्या झाडाला हाय. तिनंच आतला काजू खाल्ला."

मच्छिंद्रनं घसा खाकरला. गाठ हळूच खाली ठेवली.

"कीडच आसंल," तो म्हणाला. "उद्या धा वाजता येतोय हिंदुराव." आणि कपडे झटकून आत गेला. जाताना तो लहानपणी शाळेतनं निकाल लपवून पळायचा तसा चालला होता. पण आप्पासाहेबांचं लक्ष तिकडे नव्हतं.

ते तिथेच बसून राहिले. काजू लागला नाही म्हणजे सही. सही म्हणजे हे घर पाडणार. मग वर्ष-दोन वर्षं भाड्याच्या खोलीत आणि नंतर पाचव्या मजल्यावर. हिंदुरावानं नकाशात पाचव्या मजल्यावर पेनानं गोल करून दाखवला होता. "आप्पा, हितनं तुमाला विमानतळ दिसंल." विमानतळ बघून काय करायचं होतं?

आणि ती वाकडी गाठ समोर पडली होती. तिचा आकार डोक्यातून जाईना. दिवाळीला शकू काजूकतलीसाठी पाकीट फोडते, त्यातला काजू असाच वाकडा असतो. हिची साल टणक, करडी, पण वाकणं तेच.

आप्पासाहेबांनी इकडंतिकडं बघितलं. बहात्तराव्या वर्षी त्यांचे बत्तीसच्या बत्तीस दात जागेवर होते आणि अख्खी सुपारी ते दातानं फोडत. त्यांनी ती गाठ दाढेखाली धरली आणि कचकन चावली.

पहिल्या क्षणी काही झालं नाही. दुसऱ्या क्षणी तोंडात विस्तव फुटला. मिरची म्हणावी तर मिरची नव्हे, चुना म्हणावा तर चुना नव्हे. आप्पासाहेब थुंकले, पुन्हा थुंकले, हौदावर जाऊन डोकं खाली घालून चुळा भरल्या. जीभ, ओठ, ज्या बोटांनी धरली होती ती बोटं, सगळं पेटलं होतं. पण ओरडायची सोय नव्हती. ओरडलं असतं तर काय खाल्लं ते सांगावं लागलं असतं. रात्री त्यांनी "पोट बरं न्हाई" एवढंच सांगितलं आणि न जेवता निजले. एवढ्या थोडक्यात त्यांनी पोटाबद्दल कधीच सांगितलं नव्हतं. सोजरबाईंना तेव्हाच शंका यायला हवी होती.

सकाळी सोजरबाई चहा घेऊन आल्या आणि कपबशी त्यांच्या हातातून सुटली.

"आवं! कुनाचं तोंड हे?"

आप्पासाहेबांचे ओठ दोन केळी एकावर एक ठेवावीत तसे झाले होते. भोवती लाल पुरळ, डाव्या गालाला फुगा. त्यांनी सांगायचा प्रयत्न केला. आतून "म्म्भ" असा आवाज आला.

"गांधीलमाशी चावली," शकूनं निदान केलं.

"तंबाखूत चुना लई झाला आसंल," सोजरबाई म्हणाल्या. "का व्हो, चुना का?"

"म्म्भ!"

"बगा. चुनाच म्हंत्यात."

मच्छिंद्र दारात येऊन बघून गेला. त्याचा चेहरा पडला, मग त्यानं घड्याळ बघितलं. साडेनऊ झाले होते. "दवाखान्यात जाऊ आप्पा. पन हिंदुराव येतोच आहे, तेवढं उरकू आन् लगेच जाऊ."

हिंदुराव ठरल्या वेळेच्या आधी आला. पांढरेशुभ्र कपडे, गळ्यात साखळी, हातात पेढ्यांचा पुडा. शेजारच्याच गावचा गडी. पंधरा वर्षांपूर्वी याच रस्त्यावर त्याचं गुऱ्हाळ होतं. आप्पासाहेब टॉवेल तोंडाला लावून खाटेवर बसले होते.

"काय झालं आप्पांना?"

"आप्पांनी आज मौन धरलंय," मच्छिंद्र पटकन म्हणाला. "आखितीचं."

हिंदुरावानं हात जोडले. "वा! ह्या वयात. आन् आप्पांसारख्या मानसानं! लई अवघड गोष्ट हाय."

आप्पासाहेबांनी टॉवेल बाजूला केला. हिंदुराव अर्धं पाऊल मागे सरला.

"आन् हे वठ?"

"मौनानं सुजले," शकू म्हणाली. मग आपण काय बोललो ते तिच्याच ध्यानात आलं आणि ती पेढ्यांसाठी ताटली आणायला आत पळाली.

मच्छिंद्रनं कागद पसरला. दिवाळीतला शब्द त्यानं पुन्हा सगळ्यांदेखत सांगितला. काल दुपारी चार फळं स्वतः आप्पांनी फोडली, चारही रिकामी निघाली, हेही सांगितलं. "बरोबर का आप्पा?"

"म्म्. म्म्भ म्म्."

"व्हय म्हणतायत."

"न्हाई म्हंत्यात," सोजरबाई म्हणाल्या. खरं तर त्या आज मच्छिंद्रच्या बाजूनं असायला हव्या होत्या, पण सकाळचा चहा सांडला होता. "मला पन्नास वर्सं झाली ऐकून. न्हाई म्हनताना मान हिकडून तिकडं जाती त्यांची."

"आई, मान सुजलीय म्हणून ती तशी हलते."

आप्पासाहेब दोघांकडे आळीपाळीनं बघत होते. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांच्या देखत दुसरी माणसं त्यांच्या वतीनं बोलत होती, आणि त्यांना मधे पडता येत नव्हतं. गंमत म्हणजे नेमकं काय म्हणायचं, हे त्यांचं त्यांनाही ठरत नव्हतं. शब्द तर शब्द होता. त्यांनी पेन घेतला. बोटांना फोड आले होते. पेन नीट धरवेना.

तेवढ्यात फाटकाशी रिक्षा थांबली. संपतनं पिशव्या उतरवल्या. मंदाकिनी आली ती पायांत चपला तशाच ठेवून सरळ खाटेपाशी गेली आणि सासऱ्यांच्या तोंडाकडे बघून तिनं कपाळावर हात मारला.

"मामंजी! काजूची बी दातानं फोडलासा व्हय?"

"कशाची बी?" हिंदुरावानं विचारलं.

"काजूची ओ. सालीत तेल असतंय तिच्या. कातडं जळतंय तेनं. आमच्यात ल्हान पोरंबी तोंड लावीत न्हाईत." तिनं पिशवीतून खोबरेलाची बाटली काढली आणि सासऱ्यांपुढे धरली. "हे लावा आदी ओठास्नी, बोटास्नी. मग दवाखान्यात जाऊया. पण बी गावली कुठं तुमास्नी?"

आप्पासाहेबांनी फोड आलेल्या बोटानं उत्तरेचा कोपरा दाखवला.

"म्हंजे लागल्या? आपल्या झाडाला?" मंदाकिनी टाळी वाजवून उठली. "किती लागल्या?"

"आगं, कशाच्या लागल्या?" सोजरबाई म्हणाल्या. "फळं समदी रिकामी."

"आत्ती, बोंडूत कुठं काजू असतोय? बोंडू म्हंजे नुसता फुगलेला देठ. बी भाईर असती, खाली लटकलेली. तोच काजू."

आप्पासाहेबांनी डोळे मिटून घेतले. सात वर्षांचा पार त्यांच्या डोळ्यांपुढून गेला.

"आन् बिया कुठं हायत?" मंदाकिनीनं विचारलं. आप्पासाहेबांचं बोट उत्तरेकडून फिरून सावकाश मागच्या उकिरड्याकडे गेलं.

त्यानंतरचा अर्धा तास त्या घराच्या इतिहासात पूर्वी कधी घडला नव्हता. दवाखान्याला निघायचं म्हणून रिक्षा थांबवली होती, तर आप्पासाहेब रिक्षात बसायलाच तयार होईनात; त्यांनी खाटेचा पाय धरून ठेवला. तेव्हा संपतनं गल्लीच्या तोंडावरच्या डॉक्टरांनाच घरी आणलं. त्यांनी इंजेक्शन दिलं, दोन गोळ्या लिहून दिल्या आणि तीन दिवस तिखट बंद, बोलणं कमी, असं सांगितलं. "बोलणं बंदच म्हना की डाक्टर," सोजरबाई म्हणाल्या, "फुडच्या सोमवारपत्तुर." तोवर बाकीची सगळी उकिरड्याभोवती वाकली होती. शकूनं पदर खोचला होता. हिंदुराव आधी लांबून बघत होता, मग काठीनं एक सापडली म्हणून हरखला, मग बाह्या सारून खालीच बसला. आपण कशाविरुद्ध पुरावा गोळा करतोय, हे तो विसरला होता.

"ही घ्या आनखी एक. शकूवैनी, तुमच्या पायाखाली बघा, तितं दोन हायत!"

एकंदर सदतीस बिया निघाल्या. उन्हात पडून त्या आपोआप खणखणीत वाळल्या होत्या. कानाशी हलवली की आतला गर वाजायचा. मंदाकिनीनं त्या मोजल्या नाहीत, संपतनं मोजल्या, दोनदा.

तिनं गोड्या तेलाचा जुना डबा कापून घेतला, त्याला खिळ्यानं भोकं पाडली आणि तीन दगडांवर ठेवून खाली जाळ केला. "वाऱ्याच्या तोंडाला कुणी थांबू नका. धूर डोळ्यांत गेला तर रडाय येतंय." बिया तापल्या, चरचरल्या, सालीतून तेल सुटून ठिणग्या उडाल्या आणि बघता बघता अख्खा डबा पेटला. काळा, ठसका लावणारा धूर शेजारच्या काचेच्या इमारतीच्या दिशेनं चालला. तिसऱ्या मजल्यावर गळ्यात पट्टे घातलेली पोरं-पोरी खिडकीला नाकं लावून उभी राहिली. मंदाकिनी लांब काठीनं बिया खालीवर करत होती. सालं काळी ठिक्कर पडली तसा तिनं डबा मातीत उलटा केला आणि वर राख टाकली.

"हे तुला सात वर्सांत आमाला सांगता आलं न्हाई व्हय?" शकू म्हणाली.

"इच्यारलं कुणी? आन् सांगितलं तर ऐकतंय कोण? मी पैल्या वर्सापास्नं सांगतोय, काजूला रोज पाणी घालू नका. मामंजी उसागत पाणी पाजत हुते. झाड मजेत! मव्हर कशाला काढंल ते? ह्या साली बोअर आटलं म्हणून तेला ताण बसला, म्हणून फळलं."

अंगणात आणून टाकलेल्या खाटेवर बसून आप्पासाहेबांना हेही ऐकून घ्यावं लागलं.

राख लावलेल्या हातांनी मंदाकिनीनं पहिली बी दगडावर ठेवून हलक्या हातानं फोडली. काळ्या सालीतून तांबूस पापुद्र्यातला अख्खा काजू निघाला. तो तिनं मच्छिंद्रच्या हातावर ठेवला. "दादा, घ्या. तुमी थोरले."

मच्छिंद्रनं तो घेतला नाही.

"काल मला वळखू आलं हुतं," तो म्हणाला.

"काय?" संपतनं विचारलं.

"काल आप्पा कीड म्हणाले. मी हातात घेऊन बघितली. तवाच वळखलं की हा काजू हाय. पन बोललो न्हाई."

मच्छिंद्रनं मान खाली घातली आणि वाट बघितली. घरातली सगळीच वाट बघत होती. दुसऱ्या कुठल्याही दिवशी आता आप्पासाहेबांचा आवाज काचेच्या इमारतीतल्या वरच्या मजल्यापर्यंत गेला असता. आजोबांपासून सुरुवात झाली असती आणि मच्छिंद्रनं तिसरीत चोरलेल्या पेरूंपर्यंत यायला दुपार झाली असती. मच्छिंद्रही उलट बोलला असता. मग सहा महिने अबोला.

आप्पासाहेबांनी तोंड उघडलं. "म्म्," झालं. त्यांनी ते पुन्हा मिटलं.

ती शांतता मच्छिंद्रला सोसेना. ओरडा खायची तयारी करून आलेल्या माणसाला ओरडाच मिळाला नाही, तेव्हा तोच बोलायला लागला.

"मला काय घर पाडायची हौस हाय का आप्पा? बोअर आटलं. टँकरचं पानी तुमी बादलीनं उचलता, ह्या वयात. मी ऑफिसात बसलो तरी ध्यान हितं. आई पावसाळ्यात दोनदा घसरली. भोवतीनं समद्यांच्या इमारती झाल्या, आमच्या घरात पावसाचं पानी शिरतं. कवा बोलायला बसलो तर तुमी बहात्तरच्या दुष्काळापास्नं सुरू करता. माजं बोलनं यायच्या आत मला झोप येती. मग मी कागदच आनला. कागद तरी ऐकतील म्हनलं." त्यानं मान वर केली. "तुमाला पायजे तरी काय, ते एकदा सांगा ना."

आप्पासाहेब मुलाकडे बघत राहिले. याच्या केसांत एवढं पांढरं कधी आलं, ते त्यांनी पाहिलंच नव्हतं. एरवी ते या प्रश्नाला तासभर उत्तर देत, आणि त्यात हे उत्तर कधी आलं नव्हतं. त्यांनी खाटेवर पडलेला नकाशा ओढला, उलटा केला. फोड आलेल्या बोटांच्या मुठीत पेन धरला आणि चौथी पास अक्षरांत, घाम गाळत, लिहिलं. मच्छिंद्रनं वाचलं.

*वर नको. खाली. दार मातीत उघडणारं.*

"एवढंच?" हिंदुराव म्हणाला. "आप्पा, येवढंच हुतं तर दिवाळीतच सांगायचं. तळमजल्यावर मागच्या अंगाला दोन घरं काढतो. गाड्या दक्षिनंकडनं उतरवतो. झाडाच्या जागी उतार पायजेच आसं कुनी सांगितलं? नकाशा काढनाऱ्यानं काढला, आमी कुनी इच्यारलं न्हाई." त्यानं बोटाला लागलेली राख आपल्याच पांढऱ्या विजारीला पुसली. "नवा नकाशा करू. पन सहीचं काय? तुमी तर शब्द दिलाय. काजू तर लागला."

आप्पासाहेबांनी छातीवर हात ठेवून मान हलवली. शब्द म्हणजे शब्द. सही नाही.

मच्छिंद्र मटकन खाली बसला.

"आवं पन," सोजरबाई म्हणाल्या, "सही करनार न्हाई म्हनालात. अंगठ्याचं काय बोलला न्हाईत."

आप्पासाहेबांनी बायकोकडे बघितलं. चौथी पास माणसानं अंगठा द्यायचा म्हणजे गावात काय दिसेल, हे त्यांच्या मनात आलं असणार. पण सोजरबाईंनी आपला अंगठा वर करून दाखवला. "मी जल्मभर देत आली. काय बिगाडलं माजं?"

आप्पासाहेबांच्या सुजलेल्या ओठांचे कोपरे हलले. हसू होतं की वेदना, ते त्या तोंडावरून कळायला मार्ग नव्हता. पण मान या वेळी वरून खाली गेली. सोजरबाईंनी ती सगळ्यांना दाखवली.

मग बिया फुटायला लागल्या. सदतीसमधल्या पाच पोचट, चार करपलेल्या. उरलेल्या वाटून खाल्ल्या. हिंदुरावानं दोन खाल्ल्या आणि पुडक्यातल्या काजूंना आजपासून काजू म्हणणार नाही, असं जाहीर केलं. आप्पासाहेबांना चावता येत नव्हतं. मच्छिंद्रनं एक काजू खलात कुटला, दुधात कालवला आणि चमच्यानं त्यांना भरवला. निम्मं दूध हनुवटीवरून खाली आलं. तेही त्यानंच पुसलं.

पुढचे तीन दिवस घरात विलक्षण शांतता होती. मच्छिंद्र सकाळी ऑफिसला जाण्याआधी खाटेपाशी स्टूल घेऊन बसू लागला. आधी तब्येतीचं विचारायचा, मग आपलं सांगायचा. ऑफिसातला साहेब कसा आहे, गुडघा कसा दुखतो, लहानपणी आप्पांच्या पाठीमागे पाटाच्या पाण्यातून चालताना चप्पल वाहून गेली ती घरी का सांगितली नव्हती. आप्पासाहेब ऐकत. मधे मधे "म्म्" म्हणत. मच्छिंद्रला दोनदा ऑफिसला उशीर झाला.

पाचव्या दिवशी तो असाच बोलून हसत हसत गेला. फाटक लागल्याचा आवाज आला. सोजरबाई चहा घेऊन आल्या. आप्पासाहेबांनी बशी तोंडाला लावली आणि एक थेंब न सांडता फुर्रकन संपवली.

सोजरबाई कमरेवर हात ठेवून त्यांच्याकडे बघत राहिल्या.

"आवं, सूज तर कवाच उतरली की! मग बोलत का न्हाई?"

आप्पासाहेबांनी फाटकाकडे नजर टाकली आणि बोट ओठांवर ठेवलं.

"हळू," ते कुजबुजले. "त्याला सांगू नगंस. उद्या यायचा न्हाई."